मागच्या दारापासून चार पावलं

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा. मी बागेत पालथी पडून लिहितेय. एक डोळा कागदावर, दुसरा मातीवर, काही हिरवं वर येतंय का बघत.) तुझी कंबर कशी आहे? आमच्या तिघांच्याही गेल्यात. तू दादाकडे राहायला गेलीस, दुसऱ्या दिवशी गवंडी आला, तो तीन महिन्यांनी गेला, आणि माझी खोली झाली. माझी, आत्या. तेवीस वर्षं हॉलमध्ये आईच्या शिलाई मशीनला पाय लावून झोपल्यावर मला दार असलेली खोली मिळाली. दार बागेत उघडतं, म्हणजे उघडलं असतं, पण बाग कुठाय? तुझ्या वाफ्यांवर त्यांनी सिमेंट कालवलं, वाळू चाळली, खडी ओतली आणि वर तीन महिने चालले. कुदळ मारली की टण्ण वाजून परत हातात.

नऊ दिवस आम्ही राडारोडा उपसतोय. आत्तापर्यंत निघालं ते असं: फुटक्या टाइल्स दोन पोती, गवंड्याची एक चप्पल (डावी), एक अख्खी थापी, चहाचे पाच ग्लास (आई सहावा मागतेय). बाबांचं म्हणणं, माती सगळी चाळून घ्यायची. मी चाळते. खडी एकीकडे, माती एकीकडे, आणि मी खोकत तिसरीकडे. पण बाबांचं लक्ष मातीत नाही, तुझ्या लिलीच्या कंदांत आहे. जायच्या आदल्या संध्याकाळी तू त्यांना म्हणालीस ना, "बाकी काही राहिलं नाही तरी चालेल, हे एवढे सांभाळ." आता, बाबांनी आजवर तुझं काय काय हरवलंय ते तुला ठाऊक आहे (पेन समजू शकतं, सायकल कशी हरवते?), म्हणून या वेळी त्यांनी नकाशा काढला. कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीने: मागच्या दारापासून सरळ चार पावलं. खाली टीप: पावलं माझी, चप्पल घालून. त्याप्रमाणे चप्पल घालून चार पावलं मोजली आणि खणलं. गुडघाभर. मग मांडीभर. मग बाबा म्हणाले, कंद खाली सरकतात कधीकधी. चौथ्या दिवशी आई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, पण दार सरकलंय ना."

आत्या, दार सरकलं होतं. जुनं दार दणकट आहे, टाकायचं कशाला, म्हणून बाबांनीच गवंड्याच्या मागे लागून ते चौकटीसकट माझ्या खोलीच्या नव्या भिंतीत बसवून घेतलं होतं. खोली पाच पावलांची. बाबा खड्ड्याच्या काठावर बसले, उठले, घरात गेले, जुनी भिंत होती तिथून चार पावलं टाकत आले आणि बरोबर माझ्या टेबलापाशी थांबले.

"टेबल सरकव."

"बाबा, खाली टाइल्स आहेत."

"टाइल्स परत बसवता येतात. कंद येतात का परत?"

तेव्हापासून ते त्या सापडलेल्या थापीच्या मुठीने एकेक टाइल वाजवत फिरतायत, कुठे पोकळ लागतेय का बघत. मी बसते, उठते, टेबलावर चढून बसते, तिथून वाचता येत नाही, परत उतरते. गवंड्याला फोन केला तर तो म्हणाला, पाया खणताना असलं काही दिसलं नाही. बाबा म्हणाले, त्याचं काय सांगतेस, त्याला स्वतःची चप्पल दिसली नाही. रविवारी पहार खोलीत येणार आहे.

बाकी सगळे मजेत.

तुझी,
टेबलावरची भाची

ता. क. पत्राचं कारण हे की तू बाबांची मोठी बहीण, ते फक्त तुझं ऐकतात. "कंद मीच जाताना नेले," असं तू त्यांना शनिवारच्या आत कळव. खोटं आहे, पण माझी खोली वाचेल. (फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोनवरचं सगळ्यांना ऐकू जातं.)

ता. क. दोन. वरचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खोटं कसलं? नेलेच की तिने. रात्रीतून विचार बदलला तिचा. पिशवी मीच शिवून दिली." मी म्हटलं, मग नऊ दिवस गप्प का बसलीस? तर म्हणे, "बाग खणून हवी होती. नुसतं खणा म्हटलं असतं तर तुम्ही बापलेक उठला असता का?" आणि टाइल्स? "त्यांना हात लावू दिला असता का मी."

ता. क. तीन. पहिला ता. क. रद्द. बाबांना काही कळवू नकोस. आत्ता ते माझ्या टेबलाखाली बसून म्हणाले, "इतक्या वर्षांत ताईने पहिल्यांदा माझ्या भरवशावर काही ठेवलं होतं." तर कंद परत पाठव, माझ्या नावाने, मातीसकट, अजिबात धुऊ नकोस. मी ते खड्ड्याच्या कडेला पुरून ठेवते, बुजवताना त्यांच्याच फावड्यात येऊ देत. आईला हे पटलंय. फक्त म्हणाली, अर्धेच पाठवायला सांग, यांचं काही सांगता येत नाही.