शनिवारचा फळा

सर, तुमचा शनिवारचा फळा मी पुढे चालवला. तुमच्याबरोबर तो बंद पडला असेल असं वाटत असेल, तर तसं नाही. तुमच्या वेळी त्याला पन्नास पोरं हसायची. माझ्या फळ्याला किती हसतात ते मोजत बसायला मला वेळ नाही, आणि त्यातला एकही जण मला ओळखत नाही. तुम्हाला याचा अभिमान वाटला असता की चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही "यात तुझं स्वतःचं काय रे?" असं विचारलं असतंत, ते आता कळायची सोय नाही.

तुम्हाला सगळं आठवत असेल असं मी धरून चालत नाही. मारणारा विसरतो, म्हणून सांगतो. आठवडाभर आमच्या वह्या तपासताना तुम्ही एक वाक्य बाजूला काढायचात, सगळ्यात गचाळ, सगळ्यात गावठी. शनिवारी शेवटच्या तासाला ते फळ्यावर उतरवायचं, तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, आणि खाली ज्याचं त्याचं नाव. कोपऱ्यात चौकट आखून 'पुसू नये'. मग हाताचा खडू झटकून म्हणायचं, "हसा. हसल्याशिवाय लक्षात राहत नाही." वर्ग हसायचा. तुम्ही मात्र कधी हसला नाहीत, तेवढी शिस्त तुमच्यात होती. शिपायाची टाप नव्हती तो फळा पुसायची, त्यामुळे नाव सोमवारपर्यंत तसंच राहायचं आणि रविवारी पटांगणात क्रिकेट खेळायला आलेली पोरं खिडकीतून वाचून जायची. सातवीत माझं नाव पहिल्यांदा लागलं ते 'माझे वडील' या निबंधावरून. 'माजा बापूस कंपनीन कामाला हाय.' पावणे गावच्या पोरानं दुसरं काय लिहावं? आमचं शेत गेलं, तिथे कारखाना उभा राहिला, आणि ज्या बांधावर बापूस बसायचा तिथल्याच फाटकावर तो वॉचमन म्हणून खुर्ची टाकून बसायला लागला. हे सगळं मी त्या निबंधात लिहिलं होतं, सर. तुम्ही त्यातलं तेवढंच वाक्य घेतलंत. त्या दिवशी घरी जाऊन मी बापाला सांगितलं, "तू शाळंन येव नको." माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा तो शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहिला, आणि मी त्याला आत बोलावलं नाही.

त्याच सातवीतला एक दिवस मात्र तुम्हाला माहीत नसलेला आहे, म्हणजे अर्धा माहीत नसलेला. वह्यांचा गठ्ठा तुमच्या घरी पोचवायची पाळी माझ्यावर आली होती. तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतात. काकूंनी गठ्ठा घेतला, मला स्वयंपाकघरात बोलावलं, आणि हळूच विचारलं, "कंचे गावचा रं तू?" मी म्हटलं, "पावन्याचा." त्यांचा चेहरा असा काही खुलला की बस. "मंग आपलाच हायस की. आमी नावडे गावचं. भाकर खातंस?" तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी खातोय आणि त्या समोर पाटावर बसून मला विचारतायत, शेती सगळी गेली का, खाडीत अजून कोण जातं का. मग तोंडाला पदर लावून सांगतात, "तुमचे सर नवीन व्हते तवा आमचेच घरान भारेकरू व्हते. खोली सोरली न् जाताना मना घेऊन गेलं." आम्ही दोघं हसतोय. तेवढ्यात बाहेरून तुमचा आवाज येतो, "काय चाललंय आत? त्या मुलाला आणखी बिघडवू नकोस." काकू उठल्या, पदर सारखा केला, आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे म्हणाल्या, "आणखी भाकरी घेणार का?" असा स्वच्छ ण मी वर्गातल्या हुशार पोरींच्या तोंडूनही ऐकला नव्हता. त्या 'ण'साठी किती शनिवार गेले असतील ते मला बसल्या जागी कळलं. वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. तुमच्या घरातसुद्धा फळा आहे आणि त्यावर माझ्याशिवाय आणखी कोणीतरी आहे, याचं बरं वाटलं.

दहावी झाल्यावर तुम्ही मला शब्दकोश दिलात. आत लिहिलंत, 'फळ्यावर नाव येणार नाही असं लिहीत जा.' मी तसं लिहायला लागलो. बोलायलाही लागलो. इतकं, की गावातल्या लग्नात माझे चुलतभाऊ मला "या साहेब" म्हणून चिडवतात. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. मी दहाव्याला आलो नाही. त्या आठवड्यात कामात होतो असं सांगितलं होतं, आणि नव्हतो.

आता मी खांदेश्वरला राहतो आणि महाप्याला एका ऑफिसात फोनच्या तक्रारी ऐकतो. दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडात साखर, "मी आपली काय मदत करू शकतो?" लोक शिव्या देतात, मी आभार मानतो. ही सगळी साखर कुठेतरी ओकावी लागते, सर. त्यासाठी ऑनलाइन एक ग्रुप आहे. मोबाइलपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत तिथे सगळ्यावर भांडणं चालतात आणि कोणी कोणाला ओळखत नाही. तिथे मी टोपणनावानं बसतो. नाव काय घेतलं असेल? 'शनिवारचा फळा.' आठवडाभर लोकांनी लिहिलेलं वाचायचं, एक वाक्य उचलायचं, शनिवारी नावासकट चिकटवायचं आणि कोपऱ्यात 'पुसू नये'. मी बरा आहे यात, तुम्ही तयार केलंत ते वाया गेलं नाही. एकानं लिहिलं होतं, 'मराठी वाचवा नाहीतर मराठीची डेथ होईल.' मी खाली लिहिलं, 'झाली. बॉडी तुमच्याकडेच आहे, ओळख पटवून घ्या.' एकानं विचारलं, फोन तापतो म्हणून फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का. म्हटलं, 'चालेल, पण कोथिंबिरीच्या शेजारी नको, तिला रेंज येईल.' आपल्या नेत्यामागे तीनदा पक्ष बदललेला एकजण मला गद्दार म्हणाला, त्याला म्हटलं, 'आधी आज कुठल्या पक्षात आहात ते सांगा, म्हणजे शिव्या नीट देता येतील.' हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. काही लोक नंतर ग्रुप सोडून जातात. फ्रिजवाला गेला. त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला येत होतं, दिवसातून चार वेळा मी ते पगारासाठी देतो.

मागच्या वर्षी एका बाईंनी तिथे लिहिलं. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. 'माजे मालक जुन्या फोनान हायत. त्यांना भायेर कसा कारू? नवा फोन घेतलाय. कोनाला म्हाईत हाय का? मालक मास्तर होते. नावडे.' त्या काकू होत्या हे मला नंतर कळलं, असं मी घरी बायकोला सांगितलं आहे. जुन्या बटणांच्या फोनात तुमचा आवाज होता आणि तो त्यांना नव्या फोनात हवा होता, एवढंच त्यांचं मागणं. दोन फोन शेजारी ठेवून दोन मिनिटांत होणारं काम. ते वाक्य शनिवारी फळ्यावर लागलं. लोक तुटून पडले. 'झाकण उघडा, गुदमरत असतील.' 'आमच्या मालकिणीला आत टाकायची सोय आहे का?' आणि मी लिहिलं, 'रीसेट मारा काकू, मालक कोरे करकरीत बाहेर येतील.' त्या शनिवारी सगळ्यात जास्त हशा मलाच मिळाला. तिसऱ्या दिवशी त्याखाली त्यांचं उत्तर आलं. 'शेजारचे पोरीकरनं रीसेट मारून घेतला. आते फोनान कायच नाय. मालक कवा येतील?' त्यालाही लोक हसले. मी काही लिहिलं नाही. ते वाक्य तिथेच आहे, वर माझं 'पुसू नये' आहे.

चार महिन्यांनी मी नावड्याला गेलो. काकू आता भावाच्या घरी, तळमजल्यावर राहतात. दारातच मी म्हटलं, "काकू, मी पावन्याचा. सरांचे वर्गान व्हतो. तुमी मना भाकर दिलती." इतक्या वर्षांनी ते शब्द तोंडात आणताना माझी जीभ अडखळत होती. त्या म्हणाल्या, "हो का? या ना, बसा. पाणी आणते." तोच स्वच्छ ण. मी पुन्हा बोलीत विचारलं, तब्येत कशी हाय. त्यांनी पुन्हा पुस्तकी भाषेत उत्तर दिलं. शेवटी मी म्हटलं, माझ्याशी आपलं बोला ना. तर म्हणाल्या, "नको. मध्ये एकदा लिहिलं होतं तसं, फोनवर. लोक फार हसले. हे सांगायचे ते बरोबर होतं." हे म्हणजे तुम्ही, सर.

मग त्या सगळं सांगत बसल्या. तुम्हाला झटका आला, वाचा गेली, हे मी उडत उडत ऐकलं होतं. पुढचं ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं बोलायला शिकवा, आणि घरात शिकवायला काकूंशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी समोर वाटी धरायची, वस्तूचं नाव घ्यायचं, तुम्ही म्हणायचं. तुमचा पहिला शब्द 'पानी' आला. मग 'भाकर'. मग हळूहळू वाक्यं यायला लागली, ती सगळी काकूंची. शेवटची दीड वर्षं तुम्ही नावड्याचीच बोली बोललात. काकू सांगत होत्या, "खूप चुकायचे. मी हसायची, मग तेही हसायचे. एकदा भाच्यानं फोनात घेऊन ठेवलं होतं. त्यात म्हणतात, 'इकरं ये गो, जराक बस माजेजवल.' तेवढंच होतं." त्या दिवशी त्यांच्या तोंडून बोली आली ती एवढीच, आणि तीही तुमचे शब्द म्हणून.

मी विचारलं, रीसेट कशाला मारलात, कोणी काहीही सांगतं. त्या म्हणाल्या, "त्या माणसाचं नाव 'शनिवारचा फळा' होतं. कोपऱ्यात 'पुसू नये' लिहिलेलं. म्हटलं, हा ह्यांचाच विद्यार्थी. बाकीचे थट्टा करतात, तो करणार नाही." मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "तुम्ही फोनचं काम करता ना? त्याला शोधता येईल का? पुढे काय करायचं ते विचारायचं होतं. काहीतरी करायचं राहिलं असेल आमच्याकडून." मी म्हटलं, बघतो. त्यांनी आतून डबा आणला, तांदळाच्या दोन भाकऱ्या होत्या. मी घेतला. आवाज परत येत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. दर महिन्याला त्या एकदा फोन करून विचारतात, सापडला का तो मुलगा. मी सांगतो, शोधतोय.

हे पत्र काकूंना वाचायला द्यावं असं तीन-चारदा मनात आलं. देणार नाही. तुमच्या शब्दकोशात घडी घालून ठेवीन, तो आता कोणी उघडत नाही. वाक्याखाली नाव लिहायची तुमची पद्धत होती, तीही या वेळी पाळत नाही. फक्त बायकोला सांगितलेलं एक खोटं तुमच्यासमोर पुसून टाकतो. मी ओळखलं होतं. 'मालक मास्तर होते. नावडे.' एवढं वाचल्यावर आणखी काय लागतं? स्वयंपाकघर आठवलं, पाट आठवला, जवळ्याचा वाससुद्धा आठवला. उत्तर येत होतं, हात मोकळे होते, दुपारच्या चहाची सुट्टी होती. पण सातवीपासून मला एकदा तुम्हाला फळ्यावर बघायचं होतं, आणि काकूंच्या वाक्यात तुम्ही आयते समोर आला होतात. म्हणून आधी वाक्य उतरवलं, मग चौकट आखली, मग ते रीसेटचं लिहिलं. आणि लिहून झाल्यावर मी मोठ्यानं हसलो, सर. तुम्ही निदान हसत नव्हतात.