पडल्यावर मागं फिरायचं

खोपोली
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय नंदे,

तुला गोड गोड पापा, अंबाकाकीला नमस्कार. आणि किरणदादा, तुला पण नमस्कार, कारण हे पत्र बहिणीला तूच वाचून दाखवणार, मला ठाऊक हाय. तिला अजून एकाची दोन अक्षरं दिसतात म्हणालास ना फोनवर. तर माझं अक्षर नीट लाव आणि मधेमधे आपल्या पदरचं काय घालू नको. तुझी खोडच हाय ती.

भाताची झोडणी झाली का? गावाला, कोंडाण्याला आता चांगलं गार पडत असेल. इथं मी तीन दिवस भाताचं शीत बघितलं नाय. शनिवारी वजनकाट्यावर उभं राहायचं आणि रविवारी लढत. उकडलेली अंडी खाऊन खाऊन तोंडाची चव गेलीय. काल उगाच विलास सरांच्या अंगावर ओरडले. सर बिचारे माझे हातमोजे पुसत बसले. शिकवणारा माणूस उलट ओरडला नाय की मला आणखी राग येतो.

इथं जो तो एकच विचारतो. चहावालासुद्धा. "पारू, तू ती एमएमएवाली, पिंजऱ्यात लाथा घालणारी. तुला प्रोफेशनल बॉक्सिंग जमंल काय?" मी म्हणते, न जमायला काय झालं! पण तुला खरं सांगते, पाय अजून ऐकत नायत. समोरची वाकली की माझा गुडघा आपोआप वर येतो. एक ठोसा खाल्ला की मी तिची कंबर धरायला धावते आणि सर खेकसतात. पिंजऱ्यात आमी लाथेच्या भीतीनं लांब उभ्या राहतो, आणि इथं तेवढ्या लांबून माझा हात पोचतच नाय. तू बारा वर्षांची असल्यापासून नुसतं बॉक्सिंग केलंस. तू डोकं जरासं हलवायचीस आणि माझा ठोसा हवेत जायचा. मग हसायचीस, "पारे, माशा मारतेस काय गं?"

तुझ्या त्या हसण्याचा मला फार राग यायचा. कधी बोलले नाय.

परवा किरणदादाचा फोन आला. तुझ्यासाठी बघितलेल्या कडावच्या पोराकडनं नकार आला, मुलीला फेफरं येतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं म्हणे. आणि गुरुवारी पनवेलच्या डॉक्टरांकडं जायचंय, ते गोळ्या वाढवणार. गोळ्यांनी तू दिवसभर झोपतेस, जेवताना हात थरथरतो. दादा वर मलाच म्हणाला, "पारू, तू तरी जिंक गं. रविवारी अख्खी वाडी टेंपोत भरून आणतो." "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

नंदे, तुला फेफरं नाय.

किरणदादा, थांबू नको. तिच्याकडं बघू पण नको. वाच.

श्रावणातला तो दिवस तुला आठवत नाय. मला सगळा आठवतो. सर बाहेर फोनवर होते, हॉलमधे आपण दोघीच. हेडगार्ड घामानं डोळ्यांवर येतं म्हणून तू काढून ठेवलंस. म्हणालीस, हळू खेळू. तिसऱ्या फेरीला माझा उजवा हात पहिल्यांदाच नीट बसला आणि तू पडलीस. बॉक्सिंगमधे समोरची पडली की मागं फिरायचं, कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, रेफरी आकडे मोजतो. सरांनी हे मला शंभर वेळा सांगितलं होतं. पिंजऱ्यात उलटं असतं. पडली की तिच्यावर बसायचं आणि कोणी ओढून काढेपर्यंत मारत राहायचं. आठ वर्षं मी तेच केलंय. मी तुझ्यावर बसले आणि मारलं. तीन ठोसे. दोन डाव्या डोळ्याच्या वर, एक कानाच्या मागं.

सर आत आले तेव्हा मी उठून उभी होते. त्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, "काय नाय सर, नुसती उभी होती, एकदम कोसळली." तेच त्यांनी दवाखान्यात सांगितलं. उभं माणूस कारण नसताना कोसळलं म्हटल्यावर डॉक्टरांनी दुसरं काय समजायचं? त्यांनी चारदा विचारलं, मार लागलाय का? चारही वेळा मी नाय म्हटलं. तू शुद्धीवर आलीस आणि म्हणालीस मला काय आठवत नाय. तेव्हा मी देवाचे आभार मानले. कसली नीच बाई हाय मी, बघ.

आज दुपारी सरांना सगळं सांगितलं. ते खालीच बसले. म्हणाले, "रविवार होऊ दे, मग सांग." रविवार होईपर्यंत गुरुवार निघून जाईल. म्हणून उद्या सकाळी चांगोमामाच्या टेंपोबरोबर हे पत्र धाडतेय. डॉक्टरांसाठी वेगळा कागद आत ठेवलाय, ठोसे कुठं आणि किती ते लिहून खाली सही केलीय. तो न्या. तोवर गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, ते डॉक्टरच ठरवतील.

इथवर लिहून मी पत्र बंद केलं होतं. परत उघडलं. सवयीनं मारलं, असं लिहून सुटायला बघत होते.

पहिला ठोसा सवयीचा. दुसराही. तिसऱ्याच्या आधी मला कळलं होतं. तुझे डोळे मिटलेले दिसले, मान एका बाजूला पडली होती. त्या सकाळी सर मला म्हणाले होते, "खरी बॉक्सर नंदाच. नोव्हेंबरची लढत तिलाच देऊ." तुला ते माहीतच नव्हतं, ते तुला संध्याकाळी सांगणार होते. ही रविवारची लढत तुझी होती गं. तिसरा ठोसा मी जाणूनबुजून मारला.

रविवारी मी उतरणार नाय. किरणदादा, टेंपो सांगू नको.

गुरुवारी सकाळी नऊपासून मी पनवेलला दवाखान्याच्या दारात उभी असेन. डॉक्टरांना तोंडानं सांगेन, काकीच्या समोर सांगेन. तू माझ्याशी एक शब्द बोलू नको. आणि दादा, तुझा हात उठला तर उठू दे. मी तोंडासमोर हात धरणार नाय.

तुझी लिहायला हात होत नाय, म्हणून नुसतीच,
पारू