टमाटरची मुरडलेली पानं

पवनार, १० फेब्रुवारी २०२५

चि. प्रफुलला अ. आ.

आम्ही खुशाल, पण माझे टमाटर नाहीत. शेणखत, निंबोळीचा अर्क, कशातच कसर ठेवली नव्हती. ओल टिकावी म्हणून तू पाठवलेला गव्हाच्या काडाचा गव्हांडा झाडांच्या बुडाशी अंथरला. तरी शेंड्याची पानं सुतळीसारखी पिळवटली. शेजारच्या धुरपताच्या पाठीवर परवा फवारणीचा पंप पाहिला. तेच विष भिंतीवरून आलं. काल नळावर सगळ्या बायांसमोर तिला चांगलं सुनावलं. माझ्या भावानं शेतात विष वापरणं सोडलं, तुला का जमत नाही, असंही विचारलं. ती पाणी भरून निघून गेली. लेकरांना पापा. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी ताई

तळेगाव, १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोन लावला होता. तुझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. तो गव्हांडा आधी उचल, खताच्या खड्ड्यातही टाकू नको. गव्हात मी तणनाशक मारलं होतं. त्याचा अंश काडात राहतो आणि टमाटरला सोसत नाही, हे मला काल कृषी सहायकानं सांगितलं. काड स्वच्छ आहे ना रे, असं तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणालो. तण निंदायला माणसं मिळाली नाहीत आणि मी माघार घेतली. तू नात्यात माझं एवढं कौतुक करत होतीस, कोणत्या तोंडानं सांगू? धुरपताबाईंना उगाच बोल लागला. मीच येऊन त्यांना सांगतो. रागाव, पण माया तोडू नको.

तुझा प्रफुल

पवनार, २ मार्च

चि. प्रफुलला अ. आ.

येऊ नको. खोटं तू बोललास, पण तोंड माझं सुटलं होतं. माझं ऐकून बायांनी दारावर येणाऱ्या धुरपताकडून सांभार-मेथीच्या जुड्या घेणं बंद केलं. भरली टोपली तशीच घरी जायची. त्याच नळावर, त्याच बायांसमोर मी सांगितलं, की विष माझ्याच भावाच्या काडातलं होतं, हिचा काही दोष नाही. धुरपता नळाखाली घागर-गुंड भरत राहिली. जाताना एवढंच म्हणाली, की बाई, पंपात काय हाय ते मले इचारलं असतं, तर कडूनिंबाचं पानी दाखवलं असतं. मी काऊन नाई म्हनलं असतं?

गव्हांडा उचलल्यावर कडेच्या झाडांना सरळ पानं फुटली आहेत. बाया पुन्हा तिच्याकडून घेतात. माझ्या दारी मात्र ती हाक देत नाही. आज मीच रस्त्यावर जाऊन सांभार मागितला. तिनं दिला, पैसे घेतले. पूर्वी वरून मूठभर मिरच्या टाकायची. मी पिशवी उघडीच धरून उभी राहिले. ती पुढच्या दारी गेली.

तुझ्यावर माया आहे, तीही थोडी दमानं घे.

सुलोचनाताई