माने काकांचा पासवर्ड

सोम. १० नोव्हें.
प्रॉक्सीला भोक आहे. कॉलेजचं सगळं नेट ज्या सर्व्हरमधून जातं, उघडलेली पानं जो साठवून ठेवतो, तो माझा लाडका. सुरक्षेची सूचना वाचली आणि चहा तसाच राहिला. एखादं पान उघडलं नाही की खाली 'अ‍ॅडमिनला कळवा' येतं, त्यावरून गेलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पासवर्डही जातो. अ‍ॅडमिन म्हणजे मी. आणि ती लिंक दाबा म्हणून सगळ्यांच्या मागे लागणारीही मीच.

मंगळ. ११
खरं आहे का ते तपासायचं होतं. वरचाच मेल घेतला, माने काकांचा. अक्षरं गिचमिड, उलगडायला अर्धं मिनिट.
वैशाली. पुढे चार आकडे.
उघडायलाच नको होता. काका आमचे हेडक्लार्क, फौजेतले. पासवर्ड टाकताना कीबोर्डवर टोपी आडवी धरतात. वैशाली त्यांची मुलगी. तिने मनाविरुद्ध लग्न केल्यापासून तिचं नाव ऑफिसात कुणी काढत नाही. "मला पोरगी न्हाई," माझ्यासमोरच म्हणाले होते. आणि रोज सकाळी येऊन...

बुध. १२
दुरुस्ती टाकली, लिंक बंद. प्राचार्य म्हणाले, झालं ना, मग बोभाटा कशाला. जुने मेल पुसले. पण पुसलं म्हणजे गेलं, असं मीच कुणाला कधी सांगत नाही. लोक एकच पासवर्ड मार्क भरायला, बँकेला, सगळीकडे ठेवतात. बदलायला सांगावंच लागणार. म्हणजे काकांनाही.

गुरु. १३
दोनदा काकांच्या टेबलापर्यंत जाऊन परत. एकदा स्टेपलर मागितला. माझ्याकडे दोन आहेत. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर नुसत्या फेऱ्या.

शुक्र. १४
प्राचार्यांना न विचारता सगळ्यांना मेल टाकला. काय झालं, कुणामुळे, पासवर्ड बदला. प्राचार्यांनी झापलं, ऐकून घेतलं. दुपारी काका आले, दार लोटून घेतलं.
"माझा बघितलास व्हय?"
खोटं बोलता आलं असतं. "व्हय काका. चुकलं माझं."
टोपी हातात फिरवत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
"बदलायलाच पायजे?"
"व्हय."
"मग दुसरं काय ठिवू?"


शनि. १५
पासवर्ड न बदललेल्यांच्या यादीत एकच नाव बाकी. काचेतून काकांकडे पाहिलं. पासवर्ड बदलायचं पान उघडून बसले होते, टोपी बाजूला, हात मांडीवर. न बदललेली खाती सोमवारी बंद होतील, असं त्या मेलमध्ये मीच लिहिलंय.