चिंगीच्या डोळ्यासाठी कांदालागण

रविवार, संध्याकाळ

पाठ मोडून आली आहे, पण लिहायचंच. आमच्या चिंगी कुत्रीच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी नक्की.

मागच्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी केवढं आवाहन टाकलं होतं. ‘एका मुक्या जिवाची दृष्टी वाचवा.’ सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले, पैसे कुणीच नाही. मला रागच आला होता. माणसं अशी कशी, वगैरे.

काल शेजारच्या सुमनकाकू बांधावर आल्या. “एवढी शिकली, पन मागायचं कळंना व्हय गं? आमच्याकडं पैसे न्हाईत, हात हायेत. तुमची कांदालागन आमी सावडीनं करू, आज आमी तुमच्या रानात, उद्या तू आमच्या. मजुरी वाचंल, ती कुत्रीच्या डोळ्याला घाल.” वडिलांनी लगेच मान हलवली.

आज चौदा बायका आल्या. आईनं पिठलं-भाकरी केली. जेवताना चिंगी नेहमीसारखी मान तिरकी करून, चांगल्या डोळ्यानं भाकरीकडे बघत होती.

“हिला मुकी कोन म्हनलं?” काकू म्हणाल्या. “पहाटे चारला समदी वस्ती उठवती.” सगळ्या हसल्या, मीसुद्धा.

मदत म्हणजे पैसेच, असं मी का धरून चालले होते? याच घरात वाढूनही... असो. सावड फेडायची हातांनीच. म्हणजे आता चौदा रानांत मी वाकणार. खुशाल वाकेन.

चिंगी आत्ताही मान तिरकी करून माझ्याकडे बघते आहे. ही सवय तिची मला फार आवडते. तरी ती मोडू दे.