साक्ष बाकी

४ मे, सोमवार
सगळ्या विषयांत पास! गणितातसुद्धा! बायबल, सेवाकार्य, रोजची उपासना — सगळं पूर्ण. राहिली फक्त साक्ष. चॅपेलमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं. त्याशिवाय आमची शाळा दाखला देत नाही. दाखला नाही तर नर्सिंगची जागा गेली.
माझी मैत्रीण चिमणी म्हणाली, "तुला कसली काळजी? बायबल तुझे बाबाच शिकवतात. घरचंच कार्य!"
तेच तर.

६ मे
प्रभूने काय केलं? थंडीत दादा गेला. सगळी शाळा गुडघ्यांवर होती. बाबा तर दवाखान्याच्या फरशीवर, कपाळ टेकून. तरी गेला. "देवाची इच्छा," म्हणाले सगळे. मी मान डोलावली. तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटले की आत नुसती रिकामी खोली.

७ मे
लिहायला बसले. 'प्रभूने मला दुःखात सावरलं' — खोडलं.

९ मे, शनिवार
आईला सांगितलं, साक्ष लिहिता येत नाही. ती इस्त्री करत होती. हात थांबला नाही.
"दोन मिनिटं बोलायचं आणि मोकळं व्हायचं. बाबांकडे बघ जरा. आधीच माणूस अर्धा झालाय."
म्हणजे खोटं बोलू?
"मी तसं म्हटलं का?"
शर्टाची घडी घालून कपाटात ठेवली. दादाचा शर्ट. अजून धुते ती!

१३ मे, बुधवार
झालं एकदाचं. कागद घेऊन उभी राहिले. कागदावर सगळं गोड गोड होतं. समोर मुख्याध्यापिका बाई, चर्चचे पाळक आणि मधोमध बाबा. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं — "मी खूप हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही."
कुणी आमेन म्हटलं नाही.
बाहेर पाळक हळूच म्हणाले, "पोर दुःखात आहे. देऊन टाकू." बाईंनी बाबांकडे पाहिलं. "सर, तुमचा विषय. तुम्ही म्हणाल तसं."
बाबा भिंतीकडे बघून म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. अपूर्ण."
पोटच्या पोरीला!

१४ मे
घरात ताटावाट्यांचा तेवढा आवाज.

१९ मे
नर्सिंग कॉलेजला फोन केला. "दाखला नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल." एवढंच. दादाच्या शेवटच्या दिवसांत एक नर्स ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसायची. न सांगता, न थकता. मला तेवढंच करायचं होतं. तेही गेलं.

२३ मे, शनिवार
उद्या वर्गाचा निरोपाचा दिवस. सगळ्यांना दाखले. प्रवचन बाबांचं — विषय विश्वास! आई म्हणाली, "यायचंच. लोकांना बोलायला निमित्त नको." जाईन. मागच्या बाकावर बसेन.

२४ मे, रविवार
बाबा व्यासपीठावर गेले. पुस्तक उघडलं. पुन्हा मिटलं. मग म्हणाले, "मुलगा गेल्यापासून मी प्रार्थना केलेली नाही. नुसतं शिकवत राहिलो. माझी मुलगी खरं बोलली."
पुस्तक तिथेच ठेवून उतरले. सगळ्या रांगा ओलांडून मागे आले. मी सरकून जागा केली.