जेवलीस का, एवढंच विचारत होता

वहिनी,

सौभाग्यवती लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतंच वहिनी. प्लास्टरचा पाय खाली टेकवू नकोस. पोरं शाळेत जातात ना? दादाला नीट पोचवलं. त्याची इथली खोली आवरून मी येतेच.

फोनवर तू रडतेस, ते मला ऐकवत नाही, म्हणून लिहिते.

दादाला त्रास झाला नाही, असंच सगळ्यांना सांग. झाला थोडा. तोंडात नळी होती. सारखा दोन बोटं तळहातावर आपटायचा. नर्स म्हणाली, "भ्रमात आहेत," आणि हात बांधून टाकले. मी म्हटलं, "आधी सोडा! जन्म गेला त्याचा ताटांच्या कारखान्यात, प्रेसवर. त्या धडधडीत माणसं हातांनीच बोलतात."

घरीही तो तुला लांबून तसंच विचारायचा, जेवलीस का? तू वैतागायचीस, "तोंडानं विचारा की, मी काय मशीन आहे?"

हात सुटताच त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी मान हलवली, जेवले म्हणून. तर चिडला. दाराकडे बोट केलं, मग स्वतःच्या पायावर थोपटलं. तुझा मोडका पाय. मी म्हटलं, "जेवली रे वहिनी, पोटभर." तेव्हा हात खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

तुझी थोरली सांगते, तू नुसत्या चहावर आहेस. वहिनी, जाणाऱ्या माणसाला मी सांगून बसलेय. मला खोटं पाडू नकोस. पत्र बाजूला ठेव आणि ताट वाढून घे.

तुझी तोंडाळ नणंद